माळ्यावर सापडलेली ७१ रिकामी एअरमेल पाकिटं : तिकिटं कापून देऊ का?

माळ्यावरची

नमस्कार मंडळी. प्रश्न लहान आहे, पाल्हाळ मोठं आहे. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, तेव्हा सांभाळून घ्या.

मेन रोडवरचा आमचा वाडा पाडायला निघालाय. दिवाळीच्या आत रिकामा करून द्यायचाय, म्हणून गेले दोन महिने मी आणि जाऊबाई माळा उपसतोय. मोडका पाळणा, दोन जाती, सोवळ्याचं एक घंगाळ, आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंक सासऱ्यांची. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. वर त्यांचं रिटचिंगचं सामान: टोकदार पेन्सिली, बारीक ब्रश, ग्लेझिंगची (फोटोला चकाकी आणायची) एक पोचे आलेली प्लेट. त्याखाली सुतळीने बांधलेले एअरमेल पाकिटांचे गठ्ठे. मोजली, एकाहत्तर भरली. सगळी रिकामी, पत्र म्हणून एकात नाही.

दादा १९५२ ते १९६६ मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटवर फोटोचं सामान मागवणाऱ्या एका आयातदाराकडे पत्रव्यवहाराचे कारकून होते. (पेढीचं नाव देत नाही, वारस आहेत.) नंतर नाशकात येऊन त्यांनी रविवार कारंज्यापाशी स्वतःचा स्टुडिओ टाकला. म्हणजे ही पाकिटं नोकरीच्या काळातली, मालकाला आलेली. घरी आणून का ठेवली, कुणालाच ठाऊक नाही.

पाकिटांना कडेने लाल-निळे पट्टे. कागद असा पातळ की घाम आलेल्या बोटाला चिकटतो. आतून करडी नक्षी छापलेली. सर्वांत जास्त, चोवीस, लेव्हरकुझेनच्या आग्फाची. सतरा पुन्हा आग्फाचीच, पण गाव वोल्फेन आणि तिकिटं वेगळ्या देशाची. नऊ बेल्जियमच्या गेव्हार्टची, आठ इलफर्डची, पाच ब्राउनश्वाइगच्या फ्रांके उंड हायडेकेची (रोलायफ्लेक्स कॅमेरा त्यांचाच ना?), चार जपानची, तीन कुठल्याशा जर्मन बँकेची. आणि एक उलटं: मुंबईहून बर्लिनला गेलेलं, शिक्के खाऊन परत आलेलं.

वोल्फेनच्या सतरापैकी सहा पाकिटांचा तिकिटाचा कोपराच नाही. कात्रीने कापलाय, तोही वाकडातिकडा.

परवा एक तिकीटवाला येऊन बघून गेला. म्हणाला, तिकिटं कापून नेतो, सगळ्यांचे मिळून तीन हजार देतो, पाकिटं तुम्ही बंबात घाला. ह्यांचं मत, देऊन टाक, रद्दीच आहे. माझा हात होत नाहीये. पत्र नसलेल्या पाकिटाला काही अर्थ असतो का? आणि एका कंपनीची दोन गावं, दोन देश, हे काय गौडबंगाल?

नाशिकरोडकर

ताई, आधी कात्री लपवा. मग बोलू.

मी सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झालो. आयुष्यभर तिकिटं छापताना पाहिली, म्हणून सांगतो, सुटं तिकीट म्हणजे नुसता छापील कागद. ते पाकिटावर असतं, त्यावर शिक्का पडतो आणि शिक्का तिकिटावरून पाकिटावर उतरतो, तेव्हा त्याला गाव आणि तारीख मिळते. तुमच्या त्या सहा पाकिटांचंच बघा. पाठवणारा कळतो, घेणारा कळतो, पण केव्हाची ते गेलं. कोपऱ्याबरोबर तारीख गेली.

बाकीच्यांवर शिक्का पुसट असला तरी वर्ष काढता येतं. पत्त्यात जर्मन गावाआधी आकडा आहे का पाहा. पश्चिम जर्मनीने चार आकडी टपाल क्रमांक १९६१ मध्ये आणले, शेवटची शून्यं गाळून लिहायचे. ‘५०९ लेव्हरकुझेन’ छापलं असेल तर पाकीट त्यानंतरचं. आपला पिन १५ ऑगस्ट १९७२ चा. त्याआधी नुसतं ‘बॉम्बे २’ म्हणजे काळबादेवीकडचा भाग. तुमच्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या पाकिटांवर तेच असणार.

आणि ते परत आलेलं पाकीट नीट बघा. त्यावर आपली तिकिटं असतील. कुठली आहेत, सांगा.

लालदिवा

गेव्हार्ट म्हटल्यावर नाकात ॲसेटिक ॲसिडचा वास आला. देवळाली कॅम्पात माझं दुकान होतं. फौजी पोरं रांगेने यायची, गावी पाठवायला फोटो. दिवसा खुर्चीवर बसवायचं, रात्री लाल दिव्याखाली धुवायचं. आता डोळे गेले, दुकान मुलाने मोबाइलचं केलं.

ताई, तुमच्या सासऱ्यांना नावाने नाही पण चेहऱ्याने ओळखत असेन. रविवार कारंज्याच्या स्टुडिओत ग्लेझिंग झकास व्हायचं.

तुम्हाला प्रश्न पडला असेल की फोटोच्या कागदाला एवढा विमानाचा पत्रव्यवहार कशाला. माल विमानाने येत नव्हता, बोटीने यायचा. ब्रोमाईड पेपरचे खोके जड. हॅम्बुर्ग किंवा अँटवर्पहून मुंबईला तीन-चार आठवडे लागायचे. पण फोटोचा माल म्हणजे दुधासारखा. फिल्मच्या खोक्यावर तारीख असते, त्याआधी वापरायची. गोदीत उन्हाळ्यात पडला की फॉग धरतो, पांढरा भाग राखाडी येतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, माझा चेहरा काळा केला. म्हणून कागदपत्रं मालाच्या आधी पोचलीच पाहिजेत. बोट धक्क्याला लागायच्या आत कारकुनाच्या हातात इन्व्हॉइस. ते काम ह्या पातळ पाकिटांचं. पाकीट उशिरा आलं की अख्खी पेटी भाजली. एकदा मी मुंबईहून आणलेल्या डब्यातले पन्नासच्या पन्नास शीट फॉग निघाले. व्यापारी म्हणाला, तुमच्या डार्करूममध्ये उजेड येतो. वाद घालून उपयोग नव्हता.

शंकासुर

दोन आग्फांचं गौडबंगाल सोपं आहे. आग्फा मूळची बर्लिनची रंगांची कंपनी. फिल्मचा मोठा कारखाना वोल्फेनला, फोटोच्या कागदाचा लेव्हरकुझेनला. युद्ध संपलं आणि मधून सीमा गेली. वोल्फेन रशियनांच्या बाजूला, लेव्हरकुझेन ब्रिटिशांच्या. पश्चिमेकडच्या आग्फाची १९५२ मध्ये बायरच्या छत्राखाली नवी कंपनी झाली. वोल्फेनचा कारखाना पुढे सरकारी झाला. पाकिटावर नावाआधी VEB, म्हणजे ‘फाउएबे’, अशी तीन अक्षरं असतील, त्याचा अर्थ जनतेच्या मालकीचा उद्योग. १९६४ मध्ये त्यांनी आग्फा नाव सोडून ‘ऑर्वो’ घेतलं. ओरिगिनाल वोल्फेन, म्हणजे अस्सल वोल्फेनचं. टोमणाच आहे तो.

त्याच वर्षी आग्फा आणि गेव्हार्ट एकत्र आल्या. तेव्हा कुठल्या पाकिटावर ‘आग्फा-गेव्हार्ट’ छापलं असेल तर ते १९६४ च्या मागे जाऊ शकत नाही.

आता माझी नेहमीची शंका. पाकीट सिद्ध करतं ते एवढंच की कुणी तरी कुणाला काही तरी पाठवलं. त्यात लाखाची ऑर्डर असेल, नाही तर नववर्षाचं कॅलेंडर. लगेच ‘व्यापाराचा पुरावा’ म्हणून नाचू नका.

माळ्यावरची

बापरे, रात्रीत एवढं! शंकासुरभाऊ, नाचत नाहीये, गुडघे दुखतात.

‘५०९’ तीन पाकिटांवर सापडलं. आग्फा-गेव्हार्टचं एक आहे, बेल्जियममधल्या मोर्टसेलचं. ‘फाउएबे’ अक्षरंही आहेत, मला वाटत होतं कुणा माणसाची आद्याक्षरं.

जाऊबाई आणि मी दुपारभर तारखा लावत बसलो. तिला आकड्यांची हौस, तिने वहीत रकाने आखले. लेव्हरकुझेनची चोवीस, त्यातली एकोणीस १९५३ ते १९५७ ची आणि पाचच त्यानंतरची. वोल्फेनची तारीख लागली ती अकरा, त्यात १९५८ च्या आधीचं एक आणि नंतरची दहा. म्हणजे पश्चिमेकडची आग्फा आटली आणि पूर्वेकडची वाढली. असं का झालं असेल?

एलसी काका

हे माझ्या खात्यातलं. एका बँकेच्या परदेशी व्यवहार विभागात बत्तीस वर्षं काढली, शेवटची अकरा नाशकात.

दुसरी पंचवार्षिक योजना १९५६ ला सुरू झाली. यंत्रसामग्रीची आयात वाढली आणि वर्षभरात परकीय चलनाची गंगाजळी आटली. १९५७ मध्ये आयात परवाने आवळले. कॅमेरा, फिल्म, फोटोचा कागद हे पोलाद-खतांपुढे कोण विचारतो? पौंड किंवा मार्क मोजून घ्यायच्या मालावर पहिली कात्री चालली. पूर्व जर्मनीशी आणि त्या गटातल्या देशांशी मात्र रुपयात व्यवहार होऊ लागले. डॉलर-पौंड लागत नाहीत, त्यांना रुपये द्यायचे आणि ते त्यांतून आपला चहा, ताग, कातडी घेणार. ऑर्वोची फिल्म आपल्याकडे गल्लोगल्ली दिसायची ती त्यामुळे. सिनेमावालेही तीच वापरायचे. तुमच्या जाऊबाईंनी आखलेल्या रकान्यांत ते उतरलंय, मला तरी तसं दिसतं.

शंकासुरांच्या कॅलेंडरबद्दल. कॅलेंडर की हिशेब हे पाकीटच सांगतं. छापील मजकुराला वेगळा स्वस्त दर असायचा, त्यावर जर्मनमध्ये ‘ड्रुकझाखं’ असा शिक्का. नमुन्याला ‘मुस्टर ओनं व्हेर्ट’, म्हणजे विक्रीमोल नसलेला नमुना. रजिस्टर असेल तर ‘आर’ची नंबरपट्टी. शिवाय वजन. जर्मनीतून हवाई अधिभार दर पाच ग्रॅमवर चढायचा, म्हणून तर कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. पाकिटावर जितकं जास्त टपाल, तितकी आत कागदांची थप्पी.

रजिस्टर पाकीट दिसलं की पुष्कळ जण म्हणतात, आत बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल बोटीवर चढवल्याची पावती, होतं. सहसा नसायचं. एलसीचा (लेटर ऑफ क्रेडिट, पैशांची बँकेने घेतलेली हमी) व्यवहार असेल तर मूळ डॉक्युमेंट्स तिकडच्या बँकेकडून इकडच्या बँकेकडे जातात. पार्टीला येतात त्या प्रती. इन्व्हॉइसची नक्कल, पॅकिंग लिस्ट, बोटीचं नाव. मूळ बँकेत, पैसे भरल्याशिवाय सुटत नाहीत.

म्हणून मला तुमची ती तीन बँकेची पाकिटं बघायचीत. पत्ता पेढीचा आहे की मुंबईतल्या बँकेचा?

माळ्यावरची

बँकेचा! ‘फॉरेन डिपार्टमेंट’ असंही टाइप केलंय. तिन्ही रजिस्टर. दोघांवरच्या तारखांत तीन दिवसांचं अंतर आहे, नंबर जवळजवळ.

एलसी काका

मिळालं! तेच हवं होतं.

हुंडीचे दोन नग करायचे, पहिला आणि दुसरा. मजकूर तोच, फक्त एकावर लिहिलेलं की दुसऱ्याचे पैसे दिले नसतील तरच हा द्यावा. दोन वेगवेगळ्या टपालांनी पाठवायचे. विमान पडलं, थैली हरवली, तरी एक पोचतो. तुमची ती दोन पाकिटं बहुधा एकाच मालाची जुळी भावंडं. एकटं पाहिलं असतं तर कळलं नसतं. तिकीटवाल्याने कापली असती तर तर नाहीच.

आणि ती दादांकडे कशी आली, तर आमच्याकडे शिपाई ठरलेला असायचा. रोजच्या डाकेतली रिकामी पाकिटं तिकीट जमवणाऱ्यांना वाटायचा. पार्टीचा कारकून रोज डॉक्युमेंट्स सोडवायला येणार, त्याला आधी. चहाच्या बदल्यात.

शंकासुर

काका, आता तुम्हीच माझ्या हातात कोलीत दिलंत.

दादा तिकिटं जमवत होते म्हणता. मग हा गठ्ठा म्हणजे पेढीचा पत्रव्यवहार नव्हे, दादांची आवड. पूर्व जर्मनीची तिकिटं रंगीबेरंगी: पक्षी, खेळाडू, कारखाने. पश्चिम जर्मनीच्या नेहमीच्या टपालावर वर्षानुवर्षं त्याच एका राष्ट्राध्यक्षांचा, हॉइसांचा, चेहरा. जमवणारा माणूस काय ठेवेल? वोल्फेन वाढलं ते व्यापारात की दादांच्या ट्रंकेत? परवाने, रुपये वगैरे सगळं खरं आहे, पण ते तुम्हाला आधीच माहीत होतं. पाकिटांनी ते सांगितलं असं म्हणू नका.

लालदिवा

हा बाबा लग्नातसुद्धा अक्षता मोजत असेल.

माळ्यावरची

लालदिवाकाका, 😄. पण शंकासुरांचा मुद्दा मला रात्रभर डाचला. वर्गात असा एक तरी मुलगा असायचा, आणि तोच पुढे काही तरी व्हायचा.

मग सकाळी सुचलं. काही पाकिटांवर तिकीटच नाहीये! तिकिटाच्या जागी लाल रंगात मशीनचा ठसा. रक्कम, तारीख आणि बाजूला आग्फाचा तो चौकटीतला शिक्का. मी समजत होते की ही बिनकामाची. मोजली. लेव्हरकुझेनची चौदा, इलफर्डची पाच, गेव्हार्टची तीन. एकूण बावीस. तिकीट जमवणारा माणूस बिनतिकिटाचं पाकीट कशाला ठेवेल?

नाशिकरोडकर

शाब्बास ताई. त्याला फ्रँकिंग मशीन म्हणतात. मोठ्या कंपन्या तिकिटं चिकटवत बसत नाहीत, मशीन चालवतात. ठसा लालच असायचा, टपालखात्यांचा तसा आंतरराष्ट्रीय नियम होता. तिकीटवाल्यांना त्याची किंमत नसते. व्यापाराचा मागोवा घेणाऱ्याला मात्र ते जास्त कामाचं, कारण मशीन कंपनीच्या कचेरीत असतं, ठशात कंपनीचं नाव असतं, तारीख स्वच्छ असते.

शंकासुर

चांगला पुरावा. पण अर्धाच.

सुरुवातीला, नवी नोकरी असताना, सगळंच ठेवलं असेल. पुढे जागा पुरेना म्हणून फक्त सुंदर तिकिटांची ठेवली असतील. मग १९५८ नंतरची लेव्हरकुझेनची मशीनवाली पाकिटं केरात गेली आणि आपल्याला वाटतंय व्यापार आटला. १९५८ नंतरच्या पाचांत मशीनवाली किती, ते सांगा.

माळ्यावरची

पाचातली चार. 🙂

शंकासुर

मान्य. म्हणजे शेवटपर्यंत जे हाताला लागलं ते ठेवलं. लेव्हरकुझेन खरंच कमी झालं असं म्हणायला हरकत नाही. एकाहत्तर पाकिटांवरून, एका पेढीपुरतं, एवढीच पुस्ती जोडतो.

लालदिवा

पेढीपुरतं कशाला, माझ्याही फळीवर तेच. पन्नाशीत मागाल तो कागद मिळायचा. सॉफ्ट, नॉर्मल, हार्ड, ग्लॉसी, मॅट. काळसर नवरीला सॉफ्ट, पावसाळी उजेडातल्या फोटोला हार्ड. साठच्या दशकात ‘जे आहे ते घ्या’. मुंबईचा व्यापारी एक डबा आग्फाच्या कागदाचा द्यायला तीन डबे दुसरं काही तरी गळ्यात मारायचा. मग बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजचा क्लिक थ्री कॅमेरा बनायला लागला, १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, लग्नात प्रत्येक मामाच्या गळ्यात तोच. उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स निघाली, १९६७ पासून तिचा ‘इंदू’ छापाचा माल यायला लागला. त्यांची पत्रं साध्या खाकी पाकिटात यायची, ती कोण जपून ठेवतंय? मी तरी नाही ठेवलं.

जाता जाता आणखी एक. नाशकात विलायतेहून फोटोचं सामान मागवणं हे काही तुमच्या दादांपासूनचं नाही. त्र्यंबकचे फाळके १९१२ ला लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, कच्ची फिल्म कोडॅकची, आणि तिला भोकं पाडायचं यंत्रही आणलं, कारण फिल्म बिनभोकाची यायची. पुढे त्यांनी बिऱ्हाडच नाशकात आणलं. त्यांना आलेली पाकिटं कुणी ठेवली असती तर!

नाशिकरोडकर

ताई, परत आलेल्या पाकिटाचं राहिलंच.

माळ्यावरची

आज तेच घेऊन बसले होते, आणि मला माझीच लाज वाटली. पहिल्याच दिवशी तुम्हाला लिहिलं की सगळी रिकामी. हे रिकामं नाहीये. चिकटवलेलंच आहे, कधी फोडलंच नाही. आत घडी केलेला एक कागद हाताला लागतो. इतका पातळ की वरवर चाचपून कळलं नव्हतं.

पुढच्या बाजूला पेढीचा छापील पत्ता, ‘बॉम्बे २’. पाठवलंय बर्लिनच्या एका निर्यात कचेरीला. तिकिटांवर भारताचा नकाशा आणि ‘नये पैसे’. शिक्का मुंबईचा, १९६२. त्यावर आडवा जांभळा शिक्का ‘आँकोन्यू’ असं काहीसं आणि ‘रतूर’. फोडू का?

नाशिकरोडकर

नकाशाची तिकिटं १ एप्रिल १९५७ ला निघाली, दशमान नाणी आली त्याच दिवशी. ती आमच्या प्रेसमध्ये छापलेली. म्हणजे बघा, ते तिकीट नाशिकरोडहून मुंबईला गेलं, मुंबईहून बर्लिनला, तिथून मुंबईला परत आणि शेवटी मेन रोडच्या माळ्यावर. तीनेक कोसांवर यायला केवढा वळसा! मी १९५२ नंतरची ग्रॅव्हुअरची तिकिटं छापताना पाहिलेला माणूस. ग्रॅव्हुअर म्हणजे तरी काय, फोटोचंच काम. फिल्मवरून चित्र जिलेटिनच्या कागदावर, तिथून तांब्याच्या रोळावर, मग ॲसिडने खणायचं. फोटोचं सामान बाहेरून आलं नाही की तिकिटंही अडणार.

‘आँकोन्यू’ म्हणजे अज्ञात, ‘रतूर’ म्हणजे परत, फ्रेंच. जगभरच्या टपालाची ती ठरलेली भाषा, तुमच्या पाकिटांवरच्या ‘पार आव्हियाँ’सारखी (विमानाने). १९६२ म्हणजे बर्लिनची भिंत होऊन वर्ष उलटलेलं. पूर्व जर्मनीची निर्यात सरकारी कचेऱ्यांमार्फत, पूर्व बर्लिनहून चालायची. पत्त्यात नुसतं ‘बर्लिन’ असेल तर पाकीट भलत्याच बाजूला उतरलं असेल. तिथे अशी कचेरी कुठून सापडणार?

वाफेवर धरू नका, तिकिटं सुटतील. वरच्या कडेने पातळ सुरीने अलगद.

माळ्यावरची

उघडलं. रविवारी, सगळ्यांसमोर, मुलाने.

एकच कागद, इंग्रजीत टाइप केलेला. आठ बाय दहा आणि बारा बाय पंधराचा ब्रोमाईड पेपर, दोन्ही वजनांचा, भाव काय आणि बोट केव्हा सुटेल याची विचारणा. गेल्या खेपेतल्या दोन खोक्यांना ओल लागल्याची तक्रार. मालकाची सही. एवढं काकांच्या कामाचं.

आणि खाली, सहीच्याही खाली, शाईने, दादांच्या अक्षरात दोन ओळी. मी मराठीत सांगते: आपल्या पाकिटांवर शक्य असल्यास निरनिराळी तिकिटं लावावीत, माझा मुलगा सात वर्षांचा आहे आणि त्याला ती आवडतात.

तो सात वर्षांचा मुलगा म्हणजे आमचे हे. जे मला महिनाभर ‘रद्दी, रद्दी’ म्हणून ऐकवतायत.

ह्यांनी कागद हातात घेतला, चष्मा पुसला, परत वाचला. मग म्हणाले, ‘ती सहा मीच कापली. आईच्या शिवणाच्या कात्रीने. दादांनी कानाखाली एक दिली होती आणि मग ट्रंकेला कुलूप.’ तिकिटं वहीत चिकटवली होती म्हणे, खळीने. वही पाचवीत असताना वर्गातल्या कुणी तरी ढापली. त्या मुलाचं नावही सांगितलं, आता ते गंगापूर रोडला राहतात आणि ह्यांच्याबरोबर सकाळी फिरायला असतात.

तिकीटवाल्याला नाही म्हणून कळवलंय. आता ती ठेवायची कशात? कॉलेज रोडच्या स्टेशनरीत प्लॅस्टिकचे पाऊच मिळतात ते चालतील का?

लालदिवा

ते चिकटणारे पीव्हीसीचे नकोत. दोन पावसाळ्यांत कागदाला धरतात, माझे निगेटिव्ह तसेच गेले. पॉलिएस्टरचे घ्या, नाही तर सरळ आम्लविरहित कागदाची घडी. सेलोटेप नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. आणि कपाट भिंतीला टेकवून नको, कसर तिथूनच येते. साहेबांना सांगा, कानाखाली खाल्ली ती वाया गेली नाही.

एलसी काका

आधी दोन्ही बाजू स्कॅन करा. मागची बाजू विसरू नका, रजिस्टर पाकिटांचे पोचल्याचे शिक्के तिथेच असतात. १९५६ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या एप्रिलपर्यंतची पाकिटं वेगळी काढून मला दाखवा. सुएझ बंद होता, बोटी आफ्रिकेला वळसा घालून येत होत्या. त्या महिन्यांत पत्रं जास्त असतील असा माझा अंदाज आहे.

शंकासुर

पत्र वाचून खरंच बरं वाटलं. पण ताई, विचारल्याशिवाय राहवत नाही. हे पत्र पोचलं नाही, मान्य. अशीच ओळ आधीच्या किंवा नंतरच्या, पोचलेल्या पत्रांतही असली तर? मग वोल्फेनच्या कारकुनाने मुद्दाम वेगवेगळी तिकिटं लावली असतील आणि दादांनी ती मुलासाठी राखून ठेवली असतील. वोल्फेनची पाकिटं पुराव्यातून वजा करायची का?

माळ्यावरची

वजा नको. जाऊबाईंच्या वहीत त्या रकान्यापुढे पेन्सिलीने लिहून ठेवलंय: ‘मुलगा, वय ७.’

काका, सुएझच्या महिन्यांची नऊ निघाली. उद्या स्कॅन करून टाकते, आज लाइट गेलीये.